पांढऱ्या तोंडाचा कोल्हा

द्रौपदीचा बाप गणेशपुरीच्या मागच्या डोंगरात कोल्हे बोलवायचा. मुठीच्या पाठीवर ओठ घट्ट दाबून हवा ओढली की सशाच्या पिलाचा आकांत निघायचा, आणि झाडीतून पाय न वाजवता कोल्हा पुढ्यात येऊन उभा राहायचा. बापामागं ती विद्या लेकीकडं आली. पण लग्न झाल्यापासून द्रौपदीनं ती कधी वापरली नव्हती. भुकेल्या जिवाला खोट्या घासाची आशा दाखवायची, हे तिच्या मनाला पटायचं नाही.

यंदा मोह फुलायच्या दिवसांत गावात एकच ओरड झाली. पांढऱ्या तोंडाचा एक कोल्हा भर दिवसा भेलकांडत फिरत होता. झाडांवर आपटायचा, माणसं दिसली तरी पळायचा नाही. द्रौपदीची धाकटी जाऊ चंद्रा फुलं वेचायला गेली, तर तो थेट तिच्या पायांत घुसला. ती दगडांवर पडली आणि तिचं मनगट मोडलं.

"पिसाळलाय त्यो," चंद्रा कण्हत म्हणाली. "तोंडभर फेस हाय. पांढरा फट्ट!"

वनखात्याची माणसं येऊन दिवसभर रान धुंडून गेली, पण त्यांना तो दिसलाच नाही. चंद्राचा नवरा हरेश वडपे गावातल्या गोदामात कामाला. त्यानं रजा टाकली आणि आजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावरून काढली.

"वहिनी, तुम्ही फक्त बोलवा. पुढचं मी बघतो."

"कोल्हा मारला तर केस होते, ठाऊक हाय ना?"

"आणि उद्या शाळेच्या वाटंवर एखाद्या पोराला चावला तर?"

द्रौपदी म्हणाली, "येते. पण मी हात वर धरीन. माझा हात खाली येईपर्यंत बार काढायचा न्हाय."

सकाळी दोघं डोंगर चढली. सागाचा पाला वाळून खच पडला होता. एका कातळाआड गोणपाट टाकून द्रौपदी बसली, डावा हात वर धरला आणि उजव्या मुठीवर ओठ टेकले. इतक्या वर्षांनी जमेल की नाही, तिला धाकधूक होती. पण आवाज निघाला, तसाच कोवळा आणि जीव पिळवटणारा. तिच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला.

बराच वेळ काही हललं नाही. मग वरच्या अंगाला पाला करकरला. हा कोल्हा चोरपावलांनी येत नव्हता. धडपडत, झाडांना थडकत खाली येत होता. करवंदीच्या जाळीतून तो बाहेर पडला. डोकं खरंच पांढरं होतं. हरेशनं नेम धरला.

"वहिनी, हात!" तो कुजबुजला.

द्रौपदीनं हात खाली घेतला नाही. कोल्ह्यानं मान वळवली, तसं त्याच्या डोक्यावर ऊन लखलखलं. फेस कधी असा चमकतो का?

"थांब! बरणी हाय ती. डोकं अडकलंय रे त्याचं!"

प्लास्टिकची बरणी होती. आतून श्वासाची वाफ धरून ती पांढरी झाली होती. आत जबडा उघडत होता, मिटत होता. पोट पाठीला लागलेलं, बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी. हरेशनं बंदूक कधी खाली ठेवली, त्याचं त्यालाच कळलं नाही.

द्रौपदीनं पुन्हा हळूच आवाज काढला. कोल्हा अंदाजानं तिच्याकडं सरकला. टप्प्यात येताच तिनं अंगाखालचं गोणपाट ओढून त्याच्यावर टाकलं आणि वरून गुडघा दाबला. हरेशनं मागचे पाय धरले. कोल्हा आधी तडफडला, मग अंगातलं त्राणच संपल्यासारखा निपचित पडला.

"मेला का वहिनी?"

"न्हाय. काळीज धडधडतंय. घट्ट धर."

कमरेचा कोयता काढून त्याच्या टोकानं तिनं बरणी कडेपासून फाडली. गळ्याभोवतीची कातडी सोलवटून लाल झाली होती. बरणी निघाली तशी दोघं गोणपाट सोडून मागं सरली.

कोल्हा लगेच पळाला नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकत राहिला, नाक फुरफुरवत वारा घेत राहिला. त्यानं एकदा दोघांकडं पाहिलं आणि अडखळत जाळीत शिरला.

द्रौपदीनं फडकं सोडून न्याहारीची भाकरी आणि सुकट कातळावर ठेवली. खोलगट दगडात बाटलीतलं पाणी ओतलं.

"तुम्ही काय खाणार?" हरेशनं विचारलं.

"मी बोलावलं म्हणून आला त्यो. उपाशी कसा धाडू?"

हरेश जरा घुटमळला. मग त्यानं आपलीही भाकरी काढली, चार तुकडे केले आणि सुकटीशेजारी मांडले. बंदूक खांद्यावर टाकून तो वहिनीमागं डोंगर उतरू लागला.