पेटीबद्दल जमा

शेठजींनी जुनी आणि नवी अशा दोन्ही वह्या दत्तोपंतांसमोर उघड्या ठेवल्या. जुनीत बाकी चाळीस रुपये होती. नवीत तीच एकशे दहा झाली होती. मुनीम उमाशंकरांनी बाकी पुढे ओढताना शेजारच्या ओळीतला आकडा उचलला होता. कर्ज केव्हाच फिटलं होतं, आणि पेढी चौदा महिने दत्तोपंतांकडून पाच-पाच रुपये घेत राहिली होती.

शेठजींनी सत्तर रुपये पुढे सरकवले, हात जोडले आणि सांगितलं, की मुनीमजींना उद्यापासून कायमची रजा. बावीस वर्षांची नोकरी होती. उमाशंकर कोपऱ्यात चष्मा पुसत बसले होते. तो पुसून झाला तरी पुसतच होते.

दत्तोपंत धार दरबारच्या दफ्तरात नक्कलनवीस होते. बायकोनं जन्मात एकदाच काही मागितलं होतं. देवासला एका लग्नात तिनं बाजाची पेटी ऐकली आणि परतताना बैलगाडीत हळूच म्हणाली, तशी एक आपल्याकडे असती तर. दत्तोपंतांनी पेढीवरून कर्ज काढून पेटी मागवली. पुढची दोन वर्षं ते संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी आले की सूर सामोरे येत. मग प्लेग आला, आणि चार दिवसांत घर मुकं झालं. मूलबाळ नव्हतं. पेटी त्यांनी देवळात देऊन टाकली.

हप्ता मात्र राहिला. पगार झाला की दुपारी ते पेढीवर येत. वाळ्याच्या पडद्यातून थंड, ओलसर वास येई, छपरावर पारवे घुमत, आणि उमाशंकर लिहिता लिहिता आपल्या माळवी हेलात वाचत, "दत्तोपंत, रुक्मिणीबाई की पेटी बाबत, पाँच रुपया जमा." दत्तोपंत डोळे मिटून घेत. लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी ते नाव कधी घेतलं नव्हतं. 'अगं' एवढ्यावर त्यांचा संसार झाला होता. आता साऱ्या धारमध्ये ते नाव फक्त या गादीवर उच्चारलं जाई. तेवढ्या क्षणापुरती ती आत माजघरात गेल्यासारखी वाटे. हाक मारली तर येईलही.

आज सत्तर रुपये उचलून निघून जाता आलं असतं. त्यांनी उमाशंकरांच्या शाईनं काळवंडलेल्या बोटांकडे पाहिलं.

"शेठजी, कर्ज फिटलं हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

शेठजींना आधी कळलंच नाही. "मालूम था? फिर देते क्यों रहे, पंतसाब?"

दत्तोपंतांच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. गादीवर आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती.

"मुनीमजी नोंद मोठ्यानं वाचतात. त्यात रुक्मिणीचं नाव येतं. ते ऐकायला येत होतो." मग ते म्हणाले, "मी पहिल्याच महिन्यात बोललो असतो, तर त्यांची चूक तिथंच सुधारली असती. त्यांना काढू नका."

पडद्यावर शिंपडलेलं पाणी ठिबकत राहिलं. मग शेठजींनी उमाशंकरांकडे न बघताच वही त्यांच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "मुनीमजी, खाता बंद करो. और कल वक्त पे आना."

उमाशंकरांनी पानाखाली दुहेरी रेघ ओढली, शाईवर वाळू भुरभुरली. दत्तोपंतांनी सही केली, रुपये उपरण्यात बांधले आणि निघाले. तलावावर ऊन तिरपं झालं होतं, पाणी झोपेत असल्यासारखं हलत होतं. ते काठाकाठानं लांबच्या वाटेनं गेले.

घरी पोचले तेव्हा शेजारच्या बाई तुळशीपाशी दिवा लावत होत्या. आज फारच उशीर झाला, असं त्या म्हणाल्या.

"पेढीवर काम होतं," दत्तोपंत म्हणाले. "झालं आता."

किल्ली हातात होती. पण कुलूप न काढता, जोडेही न उतरवता, ते ओट्यावर बसून राहिले.