सोनमने न वाचलेल्या ओळी

मित्रांनो, हसू नका. काचेवर तडा, पाठीला रबर, असा मी एक जुना मोबाईल आहे. आता तानाबाईच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीखाली पडून असतो. पण माझेही दिवस होते, आणि काय दिवस होते म्हणून सांगू!

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवण सुरू होते ती सोलापूरच्या सात रस्ता चौकापासून. तिथल्या एका दुकानातून भारतने मला खिशात घालून मंगळवेढा रस्त्यावरच्या वस्तीत आणलं. भारत बाजारात हमाली करायचा. त्याची बायको तानाबाई मेंढपाळाच्या घरात वाढलेली. शहराजवळ आली तरी दारात चार शेळ्या बांधल्याच तिने. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण कळपात एक मेंढरू कमी असलं तर न मोजता तिच्या ध्यानात यायचं. त्यांची एकुलती एक लेक सोनम, आठवीतली. माझी खरी मालकीण तीच.

एके दिवशी अंगणवाडीच्या दानम्माताईंनी तानाबाईचं नाव पालकांच्या एका गटात घातलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी माझ्यावर निरोप यायचा. वाढत्या वयाच्या मुलांशी कसं बोलावं, न मारता शिस्त कशी लावावी, त्यांना त्रासापासून कसं जपावं, असं त्यात लिहिलेलं असायचं. निरोप आईसाठी, पण आईला अक्षर येईना. मग वाचून कोण दाखवणार? सोनमच की!

शेळ्यांना पाला टाकून झाला की दोघी ओट्यावर बसायच्या. 'मूल काही सांगू लागलं तर आधी म्हणा, बरं झालं सांगितलंस,' असं सोनम वाचायची आणि खुदकन हसायची. कधी पदरचंही घालायची. 'दर रविवारी मुलीला भजी करून द्यावीत,' असं तिने एकदा अगदी गंभीर चेहऱ्याने वाचलं.

"असं लिवलंय व्हय?" तानाबाई म्हणाली, आणि रविवारी गुमान भजी तळली. माझ्यावर वाकलेली ती दोन डोकी आठवली की आजही जीव कासावीस होतो, मित्रांनो.

मग माझी चार्जिंगची पिन बिघडली. सोनम मला वस्तीतल्या रिचार्जच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराचं नाव मी घेणार नाही. सगळी वस्ती त्याला मामा म्हणायची. त्याने पिन बसवली आणि नंबर ठेवून घेतला. आधी त्याचा निरोप आला, 'जेवलीस का?' मग आला, 'फोटो पाठव ना.' सोनमने भोळेपणाने शाळेच्या गणवेशातला फोटो पाठवला. त्यानंतर त्याची भाषाच फिरली. नको ते लिहायचा, दुकानात एकटी ये म्हणायचा. 'घरी सांगितलंस तर तुझा फोटो वाईट करून वस्तीभर दाखवीन,' अशी धमकीही दिली.

सोनम निरोप वाचायची आणि पुसून टाकायची. असं दोन महिने चाललं. शेजारच्या पूनमला असाच कुणी त्रास दिला, तेव्हा घरच्यांनी तिचीच शाळा सोडवली होती. सोनमला तर नर्स व्हायचं होतं. सांगितलं की शाळा बंद, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं. आईला शहाणं करणारा निरोप आणि लेकीला छळणारा निरोप, दोन्ही माझ्यातूनच यायचे. मला माझीच लाज वाटायची.

एका संध्याकाळी पालकांच्या गटात लांबलचक निरोप आला. मुलांना फोनवर कुणी धमकावतं का, हे कसं ओळखावं, असा तो होता. सोनमने वरच्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणाली, "संपलं."

तानाबाईने माझ्या काचेवर बोट ठेवलं. "आन् हितनं खाली? येवढं लांब लिवलंय की!"

सोनमने मला पालथं करून मांडीवर ठेवलं.

"भज्याचं घातलंस तवा मी कळून बी बोलले न्हाय. घातलेलं चालतंय, बाय. गाळलेलं चालत न्हाय."

सोनमचा बांध फुटला. रडत रडत तिने सगळं सांगितलं. तानाबाईचा हात वर गेला. मला वाटलं, आता बसतेय थोबाडीत, कारण पूर्वी ती मारायची. तो हात लेकीच्या पाठीवर आला. "बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "तुजी चूक न्हाय."

भारत कामावरून आला आणि ऐकताच भडकला. "उद्यापास्नं शाळा बंद हिची!"

"आवं, लांडगा मोकळा सोडून कोकरू कोंडता व्हय?" तानाबाई कडाडली.

तो सोनमजवळ येऊन बसला. त्याने तिला विचारलं, "मला आदीच का न्हाय सांगितलंस, पोरी?"

"तुमी शाळा बंद कराल म्हून," ती म्हणाली.  शाळा बंद करायचं नाव भारतने पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दानम्माताईंनी आता एकही निरोप पुसू नका असं बजावलं, आणि १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पुढचा निरोप आला तसा भारत मला घेऊन पोलीस ठाण्यात गेला. साहेबांच्या टेबलावर मी ताठ मानेने पडलो होतो. त्या माणसाला पोलिसांनी धरलं, दुकानाला कुलूप लागलं. सोनमची शाळा एक दिवसही बुडली नाही.

मी मात्र पुरावा म्हणून पोलिसांच्या कपाटात अडकलो. किती तरी महिन्यांनी घरी आलो, तेव्हा बॅटरी फुगलेली. घरात नवा फोन आला होता. त्यावर निरोप चक्क बोलतात, तानाबाई आपली आपण ऐकते. चांगलंच झालं ते! पण वाचून दाखवायला शेजारी कुणी लागत नाही, याचं मला वाईट वाटतं. सोनम आता नर्सिंगच्या वसतिगृहात असते.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. जपायचं ते तुम्ही स्वतःला. आणि आईबाबांना माझी एवढी विनंती पोचवा, की लेकरू बोलू लागलं तर आधी ऐकून घ्या. तुमच्यापैकी कुणी आज एखादा निरोप घाबरून पुसला असेल, तर आजच ज्यांच्यावर विश्वास आहे अशा मोठ्या माणसाजवळ जा. तुमच्या फोनला सगळं ठाऊक असतं, पण सांगता येत नाही. मी दोन महिने आतल्या आत ओरडत होतो, कुणाला ऐकू गेलं नाही. सोनम एकदाच बोलली आणि सुटली.