हात बदला

गेल्या वर्षी भाताच्या रोवण्याच्या दिवसांत अनुसयाच्या नवऱ्यावर वीज पडली. महागू त्याचं नाव. उजव्या हाताची करंगळी चारा-कुट्टीच्या मशीनने नेली होती, पण कामाला वाघ. गावाने त्याला रीतीप्रमाणे शेणखड्ड्यात गळ्यापर्यंत पुरलं. शेण अंगातली वीज ओढून घेतं, हे राजेगावच्या वाटेवरच्या या गावात शेंबडं पोरही सांगेल. त्याची आई विमलाबाई डोक्यावर पाणी शिंपत बसली. संध्याकाळी शेणातून प्रेतच काढलं. दोष कुणाला द्यायचा? वीज वरची, रीत वाडवडिलांची.

यंदा अनुसया अंगणवाडीत मदतनीस लागली, म्हणून बालाघाटच्या मंजुषा नर्सबाईंच्या प्रथमोपचार शिबिरात तिला बसावं लागलं. सतरंजीवर रबरी पुतळा निजवला होता. कमरेखाली काहीच नसलेला तो गडी पाहून बायका पदर तोंडाला लावून खिदळत होत्या. अनुसयाने त्याच्या छातीवर मधोमध तळवा टेकला, त्यावर दुसरा ठेवला, कोपरं ताठ केली. वाकताच पुतळ्याच्या तोंडातून शेणाचा वास आला. ओल्या, ताज्या शेणाचा.

"बाई, याले कोनं शेण लावलं काय?"

"अभी तो स्पिरिट से पोंछा है," नर्सबाई म्हणाल्या. "दाबत राहा. जोरात, भराभर. थकलात की हात बदला, दुसऱ्याने पुढे यायचं. छाती मात्र थांबू द्यायची नाही."

बाकी कुणालाच वास येत नव्हता. अनुसयाने भीतभीत विचारलं, "आन् वीज पडली तं?"

"तेव्हा तर आधी हेच. वीज अंगात राहत नाही, हात लावायला भ्यायचं नाही. हृदय थांबलेलं असतं, लगेच दाबलं तर माणूस परत येऊ शकतो. शेणात पुरलात तर छाती दाबणार कशी?"

अनुसयाने पुतळ्याच्या छातीवरचे हात काढून घेतले. घरी सासूने विचारलं, "काय शिकवलं व?"

"काही नाही, माय. पट्टी बांधाले."

म्हातारी अजून रोज त्या खड्ड्यापाशी उदबत्ती लावत होती. तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

पुढे रोवणा ऐन भरात असताना एका दुपारी आभाळ काळंठिक्कर झालं आणि बांधावरच्या मोहाच्या झाडावर वीज कोसळली. खाली लोकेश होता, महागूचा धाकटा भाऊ. अनुसया हातातली रोपांची जुडी टाकून धावली. पण गडीमाणसं तिच्या आधी पोहोचली होती. त्यांनी त्याला त्याच खड्ड्यात उतरवलं होतं आणि विमलाबाई ओंजळीने शेण लोटत होती.

अनुसयाने लोकेशच्या काखेत हात घालून त्याला ओढायला सुरुवात केली.

"सोड त्याले!" विमलाबाई किंचाळली. "माहा एक तं गेला!"

"म्हणूनच ओढून राह्यली, माय!"

तिने त्याला कसंबसं कडक जमिनीवर आणलं. श्वास नव्हता. "एकशे आठले फोन लावा!" असं ओरडून ती दाबू लागली. जोरात, भराभर. हात भरून आले, डोळ्यांपुढे अंधारी आली.

"हात बदला! कोनी तरी या!"

कुणी हललं नाही. शेणातून अर्ध्यातच काढलेल्याला शिवलं की वीज आपल्या अंगात शिरते, ही भीती एकेकाच्या तोंडावर लिहिलेली होती. शेवटी अनुसयाचे हात गळाले आणि ती मागे पडली.

छाती थांबली नाही.

ती खाली जात होती, वर येत होती. जोरात, भराभर. वर कुणाचेच हात नव्हते. पुतळ्याच्या तोंडाचा तो वास सगळीकडे भरला. माणसं मागे सरली, एकाने रामनाम घेतलं. मग लोकेश खोकला, कण्हला आणि त्याने लांब श्वास ओढला.

विमलाबाई गुडघ्यांवर सरकत जवळ आली. लोकेशच्या छातीवरच्या शेणात अनुसयाच्या लहान तळव्यांचे ठसे होते. त्यांच्यावर एक रुंद पंजा उमटला होता. त्याला करंगळी नव्हती.

म्हातारीने त्या पंजाला बोट लावलं. करंगळीच्या मोकळ्या जागेशी ते थांबलं.

"अनुसया, तवा असं दाबलं असतं तं... माहा महागू वाचला असता काय व?"

अनुसयाने तिचा शेणाने माखलेला हात घट्ट धरला.

"नाही, माय. ते जागीच गेलते."

लोकेशचा श्वास आता संथ चालला होता, आणि प्रत्येक श्वासासरशी तो पंजा वर-खाली होत होता.