नुसतं बसायला

सोजरबाईंचा पाय घरात ठरत नसे. नवरा भीमराज पहिल्या शिफ्टला अंधारातच कंपनीत जायचा, दोन्ही मुली शाळेला. अकरा वाजले की निगडीच्या त्या दोन खोल्यांत झाडण्या-पुसण्यासारखंही काही उरायचं नाही. मग त्या दाराला कडी घालून मागच्या मैदानात निघायच्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि परत फिरायचं. शेजारच्या सावित्रीबाईंनी एकदा विचारलंही, "काही हरवलंय का हो?" सोजरबाई हसून पुढं चालत राहिल्या.

साल एकोणऐंशी. प्राधिकरणाची वसाहत नवी होती, लावलेली झाडं अजून कमरेला लागत नव्हती. मैदान नकाशात मोकळी जागा म्हणून सोडलेलं. तिथं गिरजाबाईंची म्हैस चरायची. गिरजाबाई जुन्या गावठाणातल्या. त्या मैदानात आणि पलीकडच्या दोन इमारतींखाली त्यांचं शेत होतं. वसाहतीसाठी ते गेलं, म्हैस राहिली.

पहिल्या दिवशी सोजरबाई त्यांच्याशेजारी टेकल्या, तेव्हा गिरजाबाईंनी विचारलं होतं, "तुमी कुठल्या?"

"परभणीकडच्या. बहात्तरच्या दुष्काळात निघालो."

"कोणापैकी?"

"बौद्ध," सोजरबाई म्हणाल्या. सरळ बघत म्हणाल्या.

गिरजाबाई जरा सरकून बसल्या. सोजरबाईंना ते सरकणं ओळखीचं होतं. त्या उठून चालायला लागल्या आणि चार दिवस त्या बाजूला फिरकल्या नाहीत. पाचव्या दिवशी गिरजाबाईंनीच हाक मारली, "अवं परभणीवाल्या, जरा म्हशीकडं बघता का? सून एकलीच हाय घरी, जाऊन येते." तिथून बोलणं सुरू झालं. मधलं हातभर अंतर मात्र तसंच राहिलं.

गणपती उठले आणि सोसायटीचे सेक्रेटरी उद्धवराव वही घेऊन घरोघर फिरू लागले. मैदानाला तारेचं कुंपण घालायचं ठरलंच होतं. आत काय करायचं, ते लोकांना विचारायचं होतं. कुणाला बाग हवी होती, कुणाला क्रिकेटची खेळपट्टी, कुणाला मारुतीचं देऊळ.

"बाग लिहा," भीमराज म्हणाला.

"आणि वहिनी, तुम्हाला काय हवंय?"

सोजरबाई तव्यापाशी होत्या. "म्हशीचं काय?" त्यांनी विचारलं.

"म्हशीसाठीच तर कुंपण," उद्धवराव म्हणाले आणि पुढच्या दाराला गेले.

त्या संध्याकाळी दोन भाकरी करपल्या. भीमराजनं त्याच खाल्ल्या. "तुला झालंय काय?" त्यानं विचारलं. त्यांनाही ते नीट कळत नव्हतं. 

रविवारी मैदानातच सतरंज्या टाकून सभा भरली. बायका एका कडेला. उद्धवरावांनी वही वाचली, बागेला सगळ्यांत जास्त मतं पडली होती. "कुणाला काही बोलायचंय?" त्यांनी रिवाज म्हणून विचारलं, आणि सोजरबाई उभ्या राहिल्या. इतक्या माणसांपुढं बोलायची त्यांची पहिलीच वेळ.

"आमच्या गावात देवळापुढं पार होता," त्या म्हणाल्या. "दगडी, सावलीचा. मी त्याच्या कडेकडेनं पाण्याला जायची. त्यावर बसायची छाती कधी झाली न्हाई. जागा मोकळीच होती, पर आमाला मोकळी नव्हती. हितं मी बसले तर का बसलीस म्हनून कुनी विचारत न्हाई. मला बाग नको. नुसतं बसायला पायजे. अन् जिचं शेत होतं तिला आत येऊ नको म्हनायला माझी जीभ उचलत न्हाई."

 मग उद्धवराव शांतपणे म्हणाले, "वहिनी, प्रश्न त्या बाईंचा नाही, म्हशीचा आहे." मागे दोघंतिघं हसले.  सोजरबाई खाली बसल्या.

तेवढ्यात भीमराज उठला. "सेक्रेटरीसाहेब, माझ्या नावापुढचं 'बाग' खोडा," तो म्हणाला. "आणि गावठाणाकडनं वाट ठेवा."

बऱ्याच वादावादीनंतर तोड निघाली. कुंपण झालं, बागही झाली. गावठाणाच्या बाजूला एक अरुंद, वाकडं फाटक ठेवलं. त्यातून माणूस जायचा, जनावर नाही.

दिवाळीच्या आत गिरजाबाईंनी म्हैस जवळच्या दिघी गावात विकली. त्यानंतर महिनाभर त्या दिसल्या नाहीत. मग एका दुपारी त्या फाटकातून आल्या. म्हशीमागची काठी हातात नव्हती, त्यामुळे हात कुठं ठेवावेत ते त्यांना समजत नव्हतं. सोजरबाई नव्या बाकावर बसल्या होत्या.

"बसा की," त्या म्हणाल्या.

गिरजाबाई बसल्या, त्याच बाकावर, लागून. समोर पाण्याच्या नळीनं कुणी हिरवळ भिजवत होतं. गिरजाबाईंनी पदर सारखा केला, पायातलं जोडवं फिरवलं, उठल्या, परत बसल्या.

"बाई, मला न्हाई जमत," त्या शेवटी म्हणाल्या. "आयुष्यात कामाबिगर बसले न्हाई कधी. ह्या जागेत तर न्हाईच. समद्या अंगाला काटं टोचल्यागत वाटतंय."

 जे आपल्याला एवढं झगडून मिळालं, ते या बाईच्या काहीच कामाचं नाही, हे सोजरबाईंना आत्ताच दिसलं. 

"मग चालू या," त्या उठत म्हणाल्या. "मलाबी सवय हाय."

दोघी कुंपणाच्या कडेनं चालू लागल्या. पहिल्या वळणाला गिरजाबाई थांबल्या. इथं बांध होता, त्यांनी सांगितलं, आणि पुढं विहीर. सोजरबाईंनी विचारलं, "शेत कुठवर होतं?"

"चला, दावते," गिरजाबाई म्हणाल्या, आणि झपाझप पुढं निघाल्या.