मागच्या तारखेचं भविष्य

आळंदच्या बसस्टँडमागे माझं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय, ‘येथे संगणकीकृत पत्रिका अचूक मिळतील.’ त्यातला ‘संगणकीकृत’ हा शब्द सगळ्यात मोठा आहे आणि माझं नाव, मृत्युंजय स्वामी, कोपऱ्यात अगदी बारीक. पेंटरला जागा पुरली नाही असं मी लोकांना सांगतो, पण गिऱ्हाईक कशाला येतं याचा त्याचा अंदाज बरोबर होता. आमचे अप्पा, म्हणजे वडील, पंचांग मांडीवर घेऊन बोटांच्या पेरांवर पत्रिका मांडायचे. मला शिकवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. शेवटी त्यांनी हात टेकले आणि मी बीदरहून ज्योतिषाच्या प्रोग्रामची सीडी आणली. तिच्यावर आजवर माझा संसार चाललाय.

यंदा दसऱ्यानंतर तो जुना कॉम्प्युटर कायमचा गेला. मी कलबुर्गीला भीमण्णाच्या दुकानातून नवाकोरा आणला, त्याला विभूती लावली, हार घातला आणि प्रोग्राम उघडला. हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालणार नाही, असं पडद्यावर आलं. एवढी विभूती लावूनही. मी भीमण्णाला फोन केला.

“स्वामी, ते लई जुनं झालं,” तो म्हणाला. “आता सगळं मोबाईलवर फुकट मिळायलंय. कामून त्याला धरून बसलाव?”

मोबाईलवर फुकट मिळतं हे गिऱ्हाइकांना कळू नये एवढंच देवाकडे मागत मी रोज शटर वर करतो. ते त्याला काय सांगणार? “मी बघतो माझं,” म्हणालो आणि फोन ठेवला. नव्या कॉम्प्युटरवर जुनी विंडोज घालायची, असं मी ठरवलं.

घाई असायला कारणही होतं. रेवणप्पा त्याच्या लेकीची, शैलश्रीची पत्रिका जुळवायला गुरुवारी येणार होता. हा रेवणप्पा तुरीचा मोठा शेतकरी. बसवजयंतीच्या भाषणात मुहूर्त-पंचांगाला थोतांड म्हणत असा तुटून पडतो की समोर बसलेल्या मला घाम फुटतो. पण लेकीचं लग्न निघालं आणि गडी विरघळला. मुलगा उमरग्याचा, चन्नवीर, तिथं कॉलेजात शिकवतो. शैलश्री कलबुर्गीच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या विभागात आहे. तिला मुलगा मनापासून पसंत होता. रेवणप्पानं मात्र मला फोनवर बजावलं होतं, “तुमचा कॉम्प्युटर व्हय म्हणला तर व्हय, न्हाई म्हणला तर न्हाई. उमरग्याला तसंच कळवतो.”

म्हणजे त्या मुलीचं लग्न माझ्या कॉम्प्युटरवर अडलं होतं आणि कॉम्प्युटर माझ्यावर. यापेक्षा वाईट ग्रहयोग मी कुणाच्या पत्रिकेत पाहिलेला नाही.

मी जुन्या डब्याच्या पोटातून सीडीचा ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क काढून नव्याच्या पोटात जोडली. सेटिंगमध्ये शिरून, जुनी विंडोज आत घेणार नाही म्हणून बसलेली दोन-तीन कुलपं काढली. इथवर मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. मग निळा पडदा आला, भाषा निवडा म्हणाला, आणि माऊस मेला. कीबोर्डही मेला. मी वायर या भोकातून त्या भोकात घातली, फुंकर मारली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा माऊस मागून आणला. तोही मेला. झेरॉक्सवाला आपला माऊस परत घेऊन गेला आणि त्यानंतर दिवसभर माझ्याकडे संशयानं बघत होता.

मोबाईलवर एका माणसाचे व्हिडिओ बघून बघून एवढं कळलं, की ही चपटी नवी भोकं जन्माला यायच्या आधीची ती विंडोज आहे. तिला ती ओळखीचीच नाहीत. मग मी कॉम्प्युटर उलटा करून पाहिला, तर मागे एक गोल भोक होतं, जुन्या कीबोर्डचं. मी मांडी थोपटली. माळ्यावरून धुळीनं भरलेला गोल पिनेचा कीबोर्ड काढला, जोडला, आणि बटणं चालायला लागली! माऊस काही शेवटपर्यंत जिवंत झाला नाही, प्रिंटरही नाही, आणि पडद्यावर सगळं जाडंभरडं, चपटं दिसत होतं. पण जुनी विंडोज बसली. जुन्या हार्ड डिस्कवरचा प्रोग्राम उघडला तर म्हणतो, नव्या कॉम्प्युटरवर नव्यानं नोंदणी हवी, तिची मुदत संपली, कंपनीशी संपर्क साधा. कंपनी केव्हाच बंद पडलेली. तेव्हा मी, माझ्या मते, फार मोठी अक्कल चालवली. कॉम्प्युटरची तारीख मागे नेऊन २०१२ वर ठेवली. प्रोग्राम मुकाट्यानं उघडला. त्या आनंदात मी घरी जाऊन भरपेट जेवलो आणि तारखेचं साफ विसरून गेलो.

गुरुवारी बाप-लेक आले. रेवणप्पानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. शैलश्री खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. तिच्याकडे बघून मला परीक्षेच्या निकालाला आलेली पोरं आठवली आणि उगाच दडपण आलं. मी तिची आणि चन्नवीरची जन्मवेळ घातली, टॅबचं बटण दाबत दाबत खाली उतरलो आणि एन्टर मारलं. गुणमेलनाच्या ऐवजी ‘येत्या पाच वर्षांचे फल’ हे पान उघडलं. माऊस नसला की असंच होतं. पण मी घाबरलो असं दिसू नये म्हणून घसा साफ केला आणि खड्या आवाजात वाचायला लागलो.

“चालू वर्ष. शिक्षणात खंड संभवतो. विद्यार्थ्याने घरापासून दूर जाऊ नये.”

“शिक्षण?” रेवणप्पा म्हणाला. “पोरगी नोकरीला लागून दोन वर्सं झाली की, स्वामी. हे काय सांगायलंय?”

शैलश्री वाकून पडद्याचा कोपरा बघत होती. “अप्पा, हे दोन हजार बाराचं सांगायलंय. तारीख बघा.”

 पान बंद करावं तर माऊस नाही. मी भलतंच बटण दाबलं आणि पुढचं वर्ष आलं. मी कपाळावर हात मारला. रेवणप्पा पुढे सरकला.

“ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. बघू तरी काय म्हणतंय ते. झालेलंच हाय की सगळं.”

आजवर माझं भविष्य कुणाला ताडून बघता आलं नव्हतं. ते खरं-खोटं ठरेपर्यंत लोक मला विसरलेले असतात. इथं मात्र झालं-गेलं सगळं तोंडपाठ असलेला बाप समोर बसला होता. मी मेल्या आवाजात वाचलं, “वाहनसुख.”

“त्या साली आमची मोटरसायकल चोरीला गेलती.”

“पोटाचे विकार.”

“ते मला झालते,” रेवणप्पा म्हणाला. माझी कीव येऊन त्यानं अर्धा गुण दिला असावा. शैलश्री ओढणीत तोंड लपवून हसत होती. मी बंद करायच्या नादात पुन्हा एक बटण दाबलं.

“विवाहयोग प्रबळ,” मी वाचलं. “विलंब करू नये.”

कुणीच हसलं नाही. “त्या साली ती दहावीला होती,” रेवणप्पा हळू आवाजात म्हणाला.

 मग तो मला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं बोलायला लागला. “दोन हजार बारालाच सातवी झाली अन् हिला कलबुर्गीच्या हॉस्टेलला घातलो मी. भावकी म्हणली, पोरीला एवढं लांब कामून? हिची माय धड जेवली न्हाई. मी कुणाला इचारलो न्हाई. बॅग उचललो अन् बसमधी बसवलो.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. “त्या साली तुमच्याकडं आलो न्हाई ते लई बरं झालं, स्वामी.”

मला राग यायला हवा होता. पण मला नुसती लाज वाटली. ही पोरगी त्या साली माझ्या दुकानात आली असती, तर मी याच खड्या आवाजात तिला घरी बसवलं असतं, आणि वर दक्षिणा घेतली असती.

“मग आता कामून आलाव, अप्पा?” शैलश्रीनं विचारलं.

रेवणप्पानं टोपी उचलली, पुन्हा गुडघ्यावर ठेवली. “तवा भ्या वाटलं न्हाई. चुकलं असतं तर परत आणलो असतो तुला. लग्नाचं तसं न्हाई ना, माय.”

“का न्हाई?” ती म्हणाली. “चुकलं तर आताबी आणायचं. उमरगा काय लांब हाय?”

रेवणप्पाचे डोळे भरून आले. ते त्यानं लपवलेही नाहीत, टोपीनंच पुसले. मी खाली मान घालून त्या कीबोर्डकडे बघत बसलो, कारण तेवढी एकच वस्तू दुकानात माझं ऐकत होती. मग त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि उमरग्याला लावला. कॉम्प्युटरचा पंखा घरघर करत होता.

“स्वामी, तेवढं बंद करा. आवाज ऐकू येईना.”

मी डब्याचं बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. पलीकडून कुणीतरी पत्रिकेचं विचारत होतं.

“व्हय, इचारलो की,” रेवणप्पा फोनवर म्हणाला. “स्वामींला न्हाई. पोरीला इचारलो.”