दर्भाचा हर्षल

"मॅडम, पण तो मुलगा शेवटी परत येतो की नाही?" पहिल्या बाकावरून वेदिकाने विचारलं, आणि ललिता खडू हातात धरून फळ्याकडे तोंड करून तशीच उभी राहिली.

तिसऱ्या वर्षाचा इंग्रजीचा वर्ग होता. आफ्रिकी आणि कॅरिबियन कथांचा पेपर, आणि त्या कथांमधलं 'गमावणं' हा परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. नाशिक रोडच्या त्या कॉलेजात ललिता कैक वर्षं तासिका तत्त्वावर हे शिकवत आली होती. आजची कथा एका बेटावरच्या म्हातारीची. मुलगा जहाजावर गेलेला, आणि ही बाई रात्री दाराला कडी लावत नाही. बस, एवढीच कथा. पूर्वी हा प्रश्न आला की ललिताला चेव यायचा. वर्गाचे दोन गट पाडून ती मुलांना भांडायला लावायची आणि मग हसत हसत उत्तर लिहून द्यायची, की उघडं दार म्हणजे आशा. दहा मार्क कुठे जात नाहीत, म्हणायची.

तेव्हा तिचा हर्षल जहाजावर गेलेला नव्हता.

"लेखिकेने सांगितलेलं नाही," ती आता म्हणाली. "कथा तिथेच संपते."

"असं कसं मॅडम? आईला तरी कळायला पाहिजे ना!"

ललिताने खडू खाली ठेवला. तास संपला होता, हे एक बरं झालं.

घरी तिचे यजमान खंडेराव तिच्यासाठी जेवायचे थांबले होते. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेला, आवाजाने घर दणाणून सोडणारा हा गडी दोन वर्षांत निम्मा झाला होता. दोन वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ त्यांचा एकुलता एक मुलगा रात्रपाळीला डेकवर गेला आणि सकाळी जहाजावर नव्हता. शोधाशोध झाली, मग थांबली. कंपनीने 'बेपत्ता' असं कळवलं. प्रेत नाही, कपडा नाही, काही नाही.

"गुरुजींनी अमावस्या सांगितलीय," पानाकडे बघत खंडेराव म्हणाले.

ललिताला कळायचं ते कळलं. ज्याचा देह सापडत नाही त्याचा दर्भाचा आणि पळसाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि मग सुतक धरतात. पंचवटीतले गुरुजी हा विधी करतात. वर्षभर खंडेराव हा विषय काढत होते आणि वर्षभर ती उठून जात होती.

"माझा मुलगा गेलेला नाही."

"मग कुठंय? सांग ना."

"सापडेल."

"ललिता, मला रोज दिसतो गं तो. दारात उभा राहतो. नखशिखांत ओला. ये म्हटलं तरी आत येत नाय. लय थकलंय पोरगं." त्यांनी घास खाली ठेवला. "मोकळं करू त्याला. मलाबी सुटू दे."

तिला त्यांचा भयंकर राग आला. पण समोरच्या माणसाच्या गळ्याची हाडं दिसत होती. पोरगा नजरेआड आहेच, आता हाही हातचा जाणार, असं तिला वाटलं.

"तुम्ही करा," ती म्हणाली. "मी येईन. पण हात लावणार नाही आणि बघणारही नाही."

अमावस्येला अमरधामच्या स्मशानात ती बोलल्याप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे गुरुजी पळसाच्या देठांना दर्भ गुंडाळत होते. डोक्याच्या जागी नारळ ठेवला गेला. खंडेरावांचा खोकला तेवढा ऐकू येत होता. बराच वेळ झाला तसं तिला राहवलं नाही आणि तिने वळून पाहिलं.

"हे कुणाचं केलंय?"

"आई, मुलाचंच," गुरुजी म्हणाले. "यजमानांनी उंची सांगितली तसं."

"काय सांगितली?"

"माझ्याएवढा होता ना?" खंडेराव चाचरले. त्यांच्या डोळ्यांपुढचा हर्षल बारावी पास झाला तेव्हाचा होता.

"तुमच्याएवढा?" ललिताचा आवाज चढला. कपडे बिघडवणाऱ्या शिंप्याशी बोलावं तशी ती बोलायला लागली. "गेल्या खेपेला आला तेव्हा दारातून वाकून आत आला होता! तयार पँट घेतली की आखूड व्हायची त्याला. सोडा ते. सगळं सोडा. गुरुजी, एवढा उंच हवा." तिने आपल्या डोक्यावर हात नेला आणि आणखी वर उचलला.

गुरुजींनी गाठी सोडल्या. ती त्यांच्याशेजारी खाली बसली. दर्भ निसटत होता म्हणून तिने तो दाबून धरला, पायांकडून वाढवून घेतला. खांदे रुंद करवले. डावा खांदा जरा खाली असायचा, तोही केला. शेवटची गाठ बसली तेव्हा तिचं आपल्या हातांकडे लक्ष गेलं. हात लावणार नाही म्हणाली होती. आणि आता खाली हर्षल झोपला होता, थेट हर्षल, आणि तो तिनेच तिथे निजवला होता. मेला नाही असं आता तिला कोणत्या तोंडाने म्हणता येणार होतं?

तिच्या घशातून निघालेला आवाज ऐकून गुरुजी थांबले.

"आई, समजा उद्या मुलगा आलाच," ते समजुतीने म्हणाले, "तर शास्त्रात त्याचीही सोय आहे. नवा जन्म झाला असं धरायचं. न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, पुन्हा नाव ठेवायचं."

खंडेरावांनी मान खाली घातली आणि अग्नी दिला. खऱ्या माणसाला जळायला वेळ लागतो. निदान तेवढा वेळ तरी घरच्यांना मिळतो. दर्भाचा हर्षल भडकला आणि बघता बघता संपला. नारळ तेवढा फुटायचा राहिला होता.

घरी येऊन अंघोळ झाली आणि खंडेराव भरदुपारी घोरायला लागले. दोन वर्षांत असे झोपले नव्हते. ललिताने त्यांच्या अंगावर चादर घातली. तिला स्वतःला ना रडू येत होतं, ना झोप. मग तिने कपाट उघडलं. खालच्या कप्प्यातलं बोचकं सोडलं, आणि तिच्या आईने हर्षलच्या बारशाला शिवलेली कुंची बाहेर काढली. जरीची पट्टी काळी पडली होती. तिने ती साबणाने हलक्या हाताने चोळली, पिळली आणि गॅलरीत नेली. दोरीवर खंडेरावांचं ओलं धोतर होतं. त्याच्या शेजारी तिने कुंची वाळत घातली.

समोरच्या इमारतीत नवीनच राहायला आलेली मीना दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. ती कौतुकाने ओरडली, "काकू, बाळ आलंय का घरी?"

ललिताने दोन चिमटे लावले. वाऱ्याने जाईल म्हणून तिसराही लावला.

"अजून नाही," ती म्हणाली.