पिलाजीरावांचं वाढलेलं वजन

मी वजनकाटा बोलतोय. काचेचा, चौकोनी, बॅटरीवर चालणारा. बडोद्यात समा भागातल्या एका सोसायटीत, पिलाजीरावांच्या पलंगाशेजारी माझा मुक्काम असतो. खोटं बोलणं मला जमत नाही, आणि तिथंच घात झाला.

पूर्वी त्यांची मुलगी अवंती माझ्यावर उभी राहायची आणि आकडा बघून तोंड वाकडं करायची. वजन उतरावं म्हणून माणसं काय काय सोंगं करतात! पण पिलाजीरावांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि घराचं देवाकडचं मागणंच फिरलं.

डॉक्टर म्हणाले होते, वजन टिकलं आणि रक्तातलं ॲल्ब्युमिन हे प्रथिन तीनच्या खाली गेलं नाही, तरच पुढची केमो झेपेल. ॲल्ब्युमिन घरात कुणाला दिसत नव्हतं. मी दिसत होतो. म्हणून दर रविवारी आंघोळ झाली की पिलाजीराव माझ्यावर चढायचे. वाडवडील संस्थानच्या फौजेतले, त्यामुळे वजन करतानाही सावधान! चोपन्न, बावन्न, एक्कावन्न... आकडा सांगताना मलाच लाज वाटायची.

मग एका रविवारी त्रेपन्न भरले.

"वाढलं ने!" त्यांच्या पत्नी कुसुमावतीबाई ओरडल्याच. "रोज वाटीभर श्रीखंड भरवते, ते काय उगाच? अवंती, सगळ्या मजल्यावर पेंडे देऊन ये."

पेंडे वाटले गेले. मीही फुशारलो. खरं तर त्यांचे तळवे काचेला मऊ, फुगलेले लागत होते. पण मला आकड्यापलीकडे बोलता येत नाही.

दोन दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. ॲल्ब्युमिन दोन पूर्णांक दोन. कुसुमावतीबाई देवळात गेल्या होत्या. अवंतीनं बाबांच्या नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला, तो लवकर भरेचना.

"बाबा, हे वजन नाही, पाणी आहे. रक्तातलं प्रथिन घटलं की अंगात असं पाणी साठतं. डॉक्टर आता केमो देणार नाहीत."

पिलाजीरावांनी पायजमा खाली ओढून नडगी झाकली. "आईला एवढ्यात सांगू नको. पेंडे वाटलेत तिनं."

आज पुन्हा रविवार. छप्पन्न! कुसुमावतीबाईंनी मला हात जोडले.

"अहो, आता तर केमो देतीलच ने?"

"देतील ने," पिलाजीराव म्हणाले.

कुसुमावतीबाई खुशीत स्वयंपाकघरात गेल्या आणि गॅस पेटवला. बाई, माझं ऐकू नका. गॅस बंद करा आणि त्यांच्याजवळ येऊन बसा. दिवस फार उरलेले नाहीत.